हरलेल्यांनी गायिलेले विजयगीत

दारव्ह्याला बसून त्रिनिदादच्या एका गवयाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या साम्राज्याच्या बाजारपेठेसाठी आमच्या वऱ्हाडात कापूस पिकला आणि दारव्ह्याहून ‘शकुंतला’ गाडीने मूर्तिजापूरला व पुढे मुंबई बंदराकडे गेला, त्याच साम्राज्याने कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर ऊस पिकवून घेतला. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानी मजुरांना घेऊन निघालेले पहिले जहाज, ‘फतेल रझाक’, ३० मे १८४५ रोजी त्या बेटाला लागले. क्रिकेट तर साहेबाने दोन्हीकडे नेले. तेव्हा एका मराठी फलंदाजाचे पहिले गाजलेले स्तुतिगीत त्रिनिदादमध्ये रचले गेले, यात इतिहासाची एक संगती आहे. ते गीत रचणारा कलावंत म्हणजे लॉर्ड रिलेटर.

‘लॉर्ड’ ही पदवी कोणा राजाने दिलेली नव्हे. कॅलिप्सो गाणारे कलावंत अशी भारदस्त बिरुदे स्वतःच धारण करीत. रिलेटरचे मूळ नाव विलर्ड हॅरिस. कॅलिप्सो या गानप्रकाराचे नाते आपल्या उपासना-वर्षाशी आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच कॅथॉलिक मळेवाले त्रिनिदादमध्ये येऊन स्थायिक झाले आणि उपवासकाळापूर्वीचा कार्निव्हल त्यांनी तेथे रुजविला. गोव्यातील इंत्रुजाचाच तो भाऊबंद. १८३८ मध्ये गुलामगिरीचे जोखड पूर्णपणे उतरल्यावर मुक्त झालेल्या आफ्रिकी जनतेने तो सण आपलासा केला. नववर्षापासून राखेच्या बुधवारापर्यंत गायकांच्या ‘तंबूंत’ रात्री जागू लागल्या. राज्यकर्ते, महागाई, शेजारपाजारच्या भानगडी, खेळातील जयपराजय असे सारे काही त्या गाण्यांत येई. ज्यांच्या हाती वृत्तपत्र नव्हते, त्यांचे ते वृत्तपत्र होते.

खेळावरील कॅलिप्सोची कीर्ती जगभर पोहोचली ती १९५० साली. त्या वर्षी जून महिन्यात वेस्ट इंडीजने लॉर्ड्‌सच्या मैदानावर इंग्लंडचा ३२६ धावांनी पराभव केला. इंग्लंडच्या भूमीवरील तो त्यांचा पहिला कसोटी विजय. दोनच वर्षांपूर्वी ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने इंग्लंडला आलेले लॉर्ड किचनर आणि लॉर्ड बिगिनर हे दोघेही गायक त्या दिवशी मैदानात होते. बिगिनरने त्या विजयावर गायिलेले गीत अजरामर झाले. त्यात गौरविलेल्या दोन फिरकी गोलंदाजांपैकी सनी रामाधिन हा त्रिनिदादच्या हिंदी मजुरांचा वंशज होता. सामन्यात त्याने ११ बळी घेतले. गुलामांच्या नातवाने मजुरांच्या नातवाचे गुण गावेत, आणि तेही साहेबाच्या राजधानीत, हे दृश्य मोठे अर्थपूर्ण होते. तरीही ते आपल्याच संघाच्या जयाचे गीत होते.

रिलेटरची गोष्ट वेगळी आहे. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याच्याकडून कोणाला फारशी आशा नव्हती. तोवर भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध एकही कसोटी जिंकलेली नव्हती. त्या वर्षी राखेचा बुधवार २४ फेब्रुवारीला होता. कार्निव्हलचा कल्लोळ शमला, आणि उपवासकाळातच, ६ मार्चला, त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेन येथे, दुसरी कसोटी सुरू झाली. एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांचे ते पदार्पण. त्यांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई यांनी शतक ठोकले आणि भारताने सात गडी राखून सामना जिंकला. ११ एप्रिलला ईस्टर झाला. त्यानंतरच्या मंगळवारी त्याच मैदानावर शेवटची कसोटी सुरू झाली. तीत गावसकरांनी १२४ आणि २२० धावा केल्या. चार कसोटींत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. मालिका भारताने १-० अशी जिंकली.

सोबर्ससारख्या कर्णधाराचा संघ घरच्या मैदानावर हरला, आणि यजमानांच्याच एका गायकाने गिटार उचलून पाहुण्याचे गुणगान केले. बाद होता न होणाऱ्या गावसकरांना त्याने भिंतीची उपमा दिली. भारतीय खेळाडूंची अवघड नावे त्याने तालात ओवली. स्वतःच्या संघाला चिमटे काढले; पण पाहुण्यांविषयी कडवटपणाचा एक शब्दही काढला नाही.

याचे मोल कळण्यासाठी तो काळ पाहिला पाहिजे. एकच वर्ष आधी, १९७० मध्ये, त्रिनिदादमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे प्रचंड आंदोलन झाले होते. १२ मार्चला आंदोलकांनी कॅरोनीच्या ऊसपट्ट्याकडे मोर्चा नेला. आफ्रिकी आणि हिंदी वंशीयांनी एक व्हावे, ही त्यांची हाक होती. एप्रिलमध्ये आणीबाणी पुकारली गेली. दोन्ही समाजांत संशयाची दरी होती. भारतीय संघ आला की हिंदी वंशाचे अनेक प्रेक्षक त्याच्या बाजूने टाळ्या वाजवीत, आणि ते शेजाऱ्यांना झोंबे. अशा वेळी एका आफ्रिकी वंशाच्या गायकाने भारतीय फलंदाजाचे गाणे सर्वांच्या ओठी दिले. मोर्च्याला जे साधणे कठीण होते, ते एका गमतीच्या गाण्याने दरी बुजवून साधले, असा दावा मी करणार नाही. दरीच्या पलीकडून टाळी मात्र ऐकू आली, एवढे निश्चित.

भारतात रिलेटरची ओळख या एका गाण्यापुरतीच राहिली. हा त्याच्यावर अन्याय आहे. १९८० साली त्याने त्रिनिदादच्या ‘कॅलिप्सो मोनार्क’ स्पर्धेचा मुकुट जिंकला, तो ‘फूड प्रायसेस’ आणि ‘टेक अ रेस्ट’ या गीतांवर. त्यांतील पहिल्याचा विषय गरिबाच्या ताटाला भिडणारी महागाई. २००९ मध्ये स्टीलपॅन वादक अँडी नॅरेल यांच्यासह त्याने ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिप्सो’ ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि जुन्या कॅलिप्सोंना नवी पिढी मिळवून दिली. म्हणजे क्रिकेटचे गाणे हा त्याचा अपवाद नव्हता. आजूबाजूला जे घडते, ते हसतमुखाने पण खरे सांगायचे, हा त्याचा धर्मच होता. हसवणाऱ्याच्या हाती सत्य असू शकते, हे आपण सहज विसरतो.

त्याची साक्षही खरी ठरली. पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर गावसकरांनी १९७६ मध्ये आणखी दोन शतके काढली. पुढे जीवनाला क्रिकेटची उपमा देणारे शांताराम नांदगावकरांचे मराठी गीत त्यांनी स्वतःच्या आवाजात गायिले. मात्र त्यांच्यावरचे ते जुने गाणे परक्याने, पराभवाच्या सावलीत गायिले होते, म्हणून त्याची प्रत निराळी.

आनंदितांच्या आनंदात सहभागी व्हावे, असा उपदेश संत पौलाने रोमकरांस केला आहे. दुःखितांबरोबर रडणे त्या मानाने सोपे. जिंकलेल्याबरोबर हसणे अवघड. आपली गावे, आपल्या धर्मग्रामांच्या स्पर्धा, आपले क्रीडामहोत्सव आठवून पाहावेत. समोरच्या संघाच्या यशाचे एक तरी गाणे आपण कधी रचले आहे काय?