टेंभी नाक्यावरचा दरबार

शिवसेनेची स्थापना 19 जून 1966 रोजी मुंबईत झाली, पण सत्तेची पहिली चव तिला ठाण्याने दिली. 1967 च्या नगरपालिका निवडणुकीनंतर वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. राज्यात मात्र काँग्रेसच भक्कम होती. विधानसभेत ताकद नसलेल्या विरोधकांनी गल्ली धरली.

गल्लीतली ही सत्ता म्हणजे शाखा. एक खोली, बाहेर फळा, आत बाकडी आणि संध्याकाळी हजर असणारा शाखाप्रमुख. नळाला पाणी नाही, पोराला शाळेत प्रवेश मिळत नाही, घरमालक छळतो, मध्यरात्री रुग्णवाहिका हवी. माणसे कचेरीत चपला झिजवण्याऐवजी शाखेची पायरी चढत.

ठाण्यात या साऱ्याचे केंद्र टेंभी नाका झाले. 1984 साली जिल्हाप्रमुख झालेले आनंद दिघे तिथल्या ‘आनंद आश्रमा’त रात्री उशिरापर्यंत दरबार भरवत. ते स्वतः कधीच आमदार-खासदार झाले नाहीत. नाक्यावरचा नवरात्रोत्सव आणि दहीहंडी यांतून त्यांनी जिल्हाभरचे तरुण बांधून घेतले. सण आणि संघटना यांच्यातली सीमारेषा इथे पुसली गेली.

गल्लीतून उभे राहणारे असे राजकारण इतरत्रही दिसते. अमेरिकेतही प्रजासत्ताक नवे असताना, 1793-94 मध्ये, गावोगावी लोकशाहीवादी मंडळे निघाली आणि सरकारला जाब विचारू लागली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्यांना स्वयंघोषित ठरवून जाहीर दोष दिला आणि ती लवकरच विरली. न्यूयॉर्कची टॅमनी सोसायटी मात्र टिकली. पुढे स्थलांतरितांना नोकरी, कोळसा आणि मदत पुरवत तिने शहराच्या राजकारणावर पकड बसवली. ठाण्याची शाखा या टॅमनीच्या अधिक जवळची.

दिघे यांच्या दरबारात न्याय झटपट मिळे, हे खरेच. पण त्यावर अपील नव्हते. ठाण्याच्या 1989 च्या महापौर निवडणुकीत शिवसेनेची मते फुटली. पाठोपाठ, फुटीचा संशय असलेले नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. या खून प्रकरणी दिघे यांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, जामीनही मिळाला; त्यांच्या हयातीत खटल्याचा निकाल लागलाच नाही. 26 ऑगस्ट 2001 रोजी अपघातानंतरच्या उपचारांदरम्यान त्यांचे निधन झाले, तेव्हा संतप्त जमावाने ते रुग्णालयच जाळले. लोकांच्या अडचणी सोडवणारी शाखा थोर होती. कायद्याची जागा घेणारा दरबार मात्र चूकच होता.

जून 2022 मध्ये दिघे यांचे शिष्य एकनाथ शिंदे यांच्या बंडाने पक्ष दुभंगला. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंब्र्यातल्या एका शाखेच्या जागेवरून दोन्ही गट आमनेसामने आले.