हृद्रोग मार्गदर्शिका, मोबाइलवरील

हृद्रोगाचे निदान व उपचार यांविषयीच्या तज्ज्ञमान्य सूचना डॉक्टरांना मोबाइलवर उपलब्ध करून देणारे साधन. अमेरिकेतील हृद्रोगविषयक संस्थांची पहिली संयुक्त मार्गदर्शिका १९८४ मध्ये पेसमेकरविषयी निघाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ पासून प्रमाणित उपचारक्रम प्रसिद्ध केले. ते अ‍ॅपवरही मिळतात आणि त्यांत हृद्रोगाचा समावेश आहे.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत काढावा, अशी सूचना असते (पहा : विद्युत् हृल्लेख). त्यात एसटी रेषाखंड उंचावलेला आढळला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसली, तर प्रतिबंधक कारणे तपासून गुठळी विरघळवणारे औषध देतात. टेनेक्टेप्लेज या अशा औषधाची मात्रा वजनावर ठरते : ६० किग्रॅ.खाली ३० मिग्रॅ., ९० किग्रॅ. व त्यावर ५० मिग्रॅ.; पंचाहत्तरीपुढे निम्मी मात्रा सुचवलेली आहे. घाईच्या क्षणी असे आकडे स्मरणावर सोडणे धोक्याचे असते.

खडकीच्या (पुणे) छावणी भागातील सर्वसाधारण दवाखान्यात हृद्रोगतज्ज्ञ हजर नसल्यास अँजिओप्लास्टी होते त्या कॅथलॅबपर्यंतचा वेळ, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरील वाहतूक धरून, ड्युटीवरील डॉक्टरलाच मोजावा लागतो (पहा : हृदयविकाराचा झटका). मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला मजकूर इंटरनेटविना वाचता येतो. मात्र तो जुन्या आवृत्तीचा असू शकत असल्याने प्रकाशनवर्ष पाहणे अत्यावश्यक ठरते.