गस्त : मालाड, ऑगस्ट १९६८

आमची आजी झोपण्यापूर्वी दाराची कडी दोनदा तपासायची. एकदा लावताना, आणि अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उठून एकदा. आम्ही हसलो तर म्हणायची, "तुम्ही अडुसष्ट साल पाहिलं नाहीत."

अडुसष्ट साल म्हणजे रामन राघव. तेव्हा आमचं बिऱ्हाड मालाड पूर्वेला एका बैठ्या चाळीत होतं. आजोबा पोस्टात कारकून. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यावर दिवे तुरळक, आणि रोज सकाळी नवी बातमी: अमक्या वस्तीत झोपलेल्या माणसाचं डोकं ठेचलं. चाळीतल्या पुरुषांनी पाळ्या लावून गस्त सुरू केली. आजोबाही काठी घेऊन जायचे. ही गोष्ट मी लहानपणापासून एका शौर्यकथेसारखी ऐकत आलो. तिचा उरलेला भाग फार उशिरा कळला. त्याकडे येण्याआधी शहराची गोष्ट सांगायला हवी.

ज्याला आपण आज 'उपनगर' म्हणतो, ते तेव्हा मुंबईत नव्यानेच आलं होतं. महापालिकेची हद्द १९५०मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. १९६१च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती, १९७१मध्ये ती ६० लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत आलेली ही माणसं राहणार कुठे? शेतजमिनीच्या कडेला, रुळांलगत, नाल्याकाठी पत्रा, तट्ट्या, गोणपाट जे मिळेल त्याच्या झोपड्या उठल्या. ज्यांना तेवढंही जमलं नाही ते फुटपाथवर झोपले.

हल्ले पहिल्यांदा झाले ते १९६५-६६मध्ये, पूर्व उपनगरांत, जीआयपीच्या म्हणजे मध्य रेल्वेच्या मार्गालगत. एकोणीस जणांवर वार झाले, त्यांतले नऊ दगावले. त्या वेळी रामन राघव त्या भागात भटकताना पोलिसांच्या हाती लागला होता. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला, त्यामुळे पोलिसांकडे त्याची नोंद होती. पण मारेकऱ्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, पुरावा नव्हता. त्याला सोडावं लागलं.

दोन वर्षांनी हेच प्रकार उत्तरेकडच्या उपनगरांत सुरू झाले. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. जुन्या नोंदींतून त्यांनी रामनचा छायाचित्रासह माग सुरू केला, आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडलं. त्याच्याजवळ काय सापडलं? चष्मा, कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड. एखाद्या झोपडीच्या फळीवर असावं तेवढंच सामान.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. दिवसचे दिवस गप्प बसलेला रामन कोंबडीचं जेवण मिळाल्यावर बोलू लागला. १९६९मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी तो दीर्घकाळ मनोरुग्ण असल्याचा निर्वाळा दिला, १९८७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली, आणि १९९५मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. त्याच्यावर सिनेमे निघाले.

मला मात्र अडतं ते आकड्यापाशी. त्याने किती माणसं मारली? कुठे तेवीस लिहिलेलं असतं, कुठे एकेचाळीस. खटला चालला तो मालाडजवळच्या चिंचवलीतल्या दोन खुनांचा. दोन आणि एकेचाळीस यांच्यामध्ये जी माणसं आहेत, ती कोण? ज्यांच्याकडे पत्ता नव्हता. गावी कळवायला कुणी नव्हतं. सरकारने झोपडपट्ट्यांची पहिली गणना केली ती जानेवारी १९७६मध्ये, म्हणजे रामन पकडला गेल्यानंतर सात वर्षांहून अधिक काळाने. जिवंतपणी ज्यांना मोजलं नव्हतं, त्यांच्या मृत्यूचा हिशोब चोख कसा राहणार?

गुन्ह्यांचं प्रमाण वाढलं की घटलं, अंधेरी बरी की घाटकोपर, अशी चर्चा आपण करतो तेव्हा हातात असतात ते पोलीस ठाण्यात नोंदलेले गुन्हे. नोंद व्हायला तक्रार करणारा लागतो, आणि तक्रार करायला आपलं ऐकलं जाईल हा भरवसा लागतो.

आता आजोबांकडे. ते गेले त्याच्या वर्षभर आधी, गस्तीचा विषय मीच काढला होता. त्यांनी सांगितलं की एका रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या टोळीला एक माणूस दिसला. खाकी अर्धी चड्डी, हातात पिशवी. विचारलं तर नीट उत्तर देईना, कारण त्याला मराठी येत नव्हतं. पहिली काठी कुणाची पडली हे अंधारात समजलं नाही. "माझीही पडली," आजोबा म्हणाले. पिशवीत एक वाटी, धोतर आणि थोडे तांदूळ निघाले. तो स्टेशनाबाहेर झोपायचा, त्या रात्री पाऊस म्हणून आडोसा शोधत होता. त्यांनी त्याला पाणी पाजलं, हळद लावली. पहाटे तो उठून निघून गेला. पोलिसांना कुणी सांगितलं नाही. त्यानेही नाही.

"वाचला ना तो?" मी विचारलं.

"चालत गेला एवढंच पाहिलं," ते म्हणाले.

भीती सगळ्या उपनगरांत होती, हे खरं. आजीची भीती खोटी नव्हती. पण तिच्याकडे लावायला कडी होती. आमच्या चाळीत कुणाला ओरखडाही आला नाही. मेले ते दार नसलेले, आणि मारेकरी म्हणून मार खाल्ला तोही दार नसलेल्यानेच.

गेल्या महिन्यात आमच्या बोरिवलीच्या सोसायटीची सभा झाली. विषय सुरक्षा. आणखी चार कॅमेरे लावायचं ठरलं. मग एकाने फाटकाबाहेर, पुलाखाली झोपणाऱ्या दोघा-तिघांचा मुद्दा काढला: यांना हलवायला सांगा, आपल्याला धोका आहे. माना डोलल्या. मी हात वर केला आणि आजोबांची गोष्ट सांगितली, जितकी नीट सांगता आली तितकी. क्षणभर शांतता पसरली. सचिवांनी विचारलं, "मग इतिवृत्तात नेमकं काय लिहू?"

मी म्हटलं, त्यांच्या डोक्यावरचा पालिकेचा दिवा तीन महिने बंद आहे, त्याची तक्रार करायची, असं लिहा. त्यांनी लिहून घेतलं.