ग्वाल्हेरचे शून्य

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून पायी चढणारा प्रवासी हत्तीपोळ गाठण्याच्या घाईत असतो. वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते; तेथे थांबणारे थोडेच. प्रतीहार सम्राट भोजदेवाच्या कारकीर्दीत किल्लेदार अल्ल याने ते उभारले. आतील एक शिलालेख विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा आहे.

लेखाचा विषय अगदी साधा आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली, आणि माळ्यांनी नित्य ५० माळा पुरवाव्यात, असे ठरले. २७० व ५० या दोन्ही संख्यांत शून्य लहान वर्तुळाच्या रूपाने कोरलेले आहे. जगातील पहिले शून्य हेच, असे अभिमानाने सांगितले जाते. ते बरोबर नाही. कंबोडियातील इ. स. ६८३ च्या लेखात शून्य बिंदुरूपाने आढळते, आणि ब्रह्मगुप्ताने शून्याच्या गणिताचे नियम ६२८ मध्येच सांगितले होते. ग्वाल्हेरच्या लेखाचे मोल निराळे आहे. येथे शून्य पंडिताच्या ग्रंथात नसून माळ्याच्या हिशेबात आहे.

शून्य हा शब्द तत्त्वज्ञांचाही आहे. नागार्जुनाच्या मते शून्यता म्हणजे अभाव नव्हे. प्रत्येक वस्तू इतरांच्या आधाराने असते, तिला स्वतःचा असा स्वतंत्र स्वभाव नसतो, हा तिचा अर्थ. आणि 'मी' त्याला अपवाद नाही. हा विचार ध्यानमार्गाबरोबर चीनमध्ये गेला. 'ध्यान' शब्दाचे तेथे 'चान' व जपानात 'झेन' झाले. झेन आचार्य दोगेन याने १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तांदूळ निवडणे हीही त्याच्या दृष्टीने साधनाच होती.

गणितातील शून्य या शून्यतेतूनच निघाले, असे म्हणण्यास पुरावा नाही. चतुर्भुजाचे देऊळ तर विष्णूचे आहे. तथापि दोहोंतील साम्य विचार करण्याजोगे आहे. पन्नासातील शून्य उचलून बाजूस ठेविले तर त्याला किंमत नाही. पाचाच्या उजवीकडे ठेविले की पाच माळांच्या पन्नास होतात. त्याचे मोल शेजाऱ्यामुळे, आणि शेजाऱ्याचे त्याच्यामुळे.

हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले, पण त्याचा अर्थ आम्हांस उशिरा उमगला. उत्तरपत्रिकेवर शून्य लिहिताना आम्ही त्या मुलालाच शून्य ठरवीत होतो. त्याचे घर, त्याचा बाक, त्याला शिकविणारे आम्ही, या सर्वांपासून तोडून त्याची किंमत करीत होतो. वस्तुतः ते शून्य जितके त्याचे, तितकेच आमचेही होते.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या मराठीत शून्याला 'पूज्य' म्हणत. 'अकलेच्या नावाने पूज्य' असा त्या शब्दाचा उपहास आम्ही वर्गात पुष्कळ केला. त्याचा दुसरा अर्थ आम्हांस त्या लहानशा देवळात, माळांचा हिशेब वाचताना आठवला.