झोपलेल्या बहिऱ्या माणसाला उठवायचं कसं?

एमर्सन रोमेरो हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. १९०० साली हवानात जन्मलेला, लहानपणीच डांग्या खोकल्याने बहिरा झालेला हा माणूस अमेरिकेत टॉमी अल्बर्ट या नावाने मूकपटांत काम करायचा. मग १९२७ नंतर बोलपट आले. बहिऱ्या नटांचं काम गेलं आणि बहिऱ्या प्रेक्षकांचा सिनेमाही गेला. पठ्ठ्याने १९४७ मध्ये बोलपटांच्या रिळांत संवादांच्या पाट्या कापून-चिकटवून घालायला सुरुवात केली. (सबटायटल लावून कोरियन मालिका बघणाऱ्यांनी एक नमस्कार करावा!) १९५९ मध्ये त्याने 'व्हायब्रालार्म' नावाचं घड्याळ काढलं, वाजण्याऐवजी थरथरणारं.

हे घड्याळ मला महत्त्वाचं वाटतं, कारण आगीच्या सूचनेचं तंत्र पुढे भलत्याच दिशेला गेलं.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या घराघरांत बॅटरीवरचे धुराचे अलार्म आले. त्यांचा आवाज साधारण ३१०० हर्ट्झचा, कर्कश. का? तर छोट्याशा पिझो बझरमधून, कमी बॅटरीत, तोच आवाज मोठा निघतो. आता गंमत बघा, वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी याच वरच्या पट्टीतलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच ऐकू येणार नाही असा आवाज आपण इंजिनियर लोकांनी निवडला, आणि तोही स्वस्त पडतो म्हणून.

मग १९९० चा अपंगांसाठीचा अमेरिकी कायदा आला आणि भिंतींवर पांढरे लखलखणारे दिवे लागले. तुमच्या ऑफिसात फायर ड्रिलला भोंग्याबरोबर चमकतो ना, तोच प्रकार. आत कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी झेनॉनची नळी. १९९१ च्या नियमात किमान ७५ कँडेला आणि सेकंदाला एक ते तीन चमका सांगितल्या होत्या. झोपायच्या खोलीत जास्त उजेड लागतो: दिवा छतापासून दोन फूट किंवा त्याहून खाली असेल तर ११० कँडेला, आणि छताजवळ असेल तर १७७. कारण धूर आधी छतापाशी साठतो आणि दिव्यालाच झाकून टाकतो. हा आकडा वाचून मी खूश झालो होतो. कोणीतरी नीट विचार केलाय म्हटलं.

पण उठतात का लोक? मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस यांनी कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांना झोपवून हे तपासलं. २००७ च्या त्यांच्या अहवालानुसार नुसत्या दिव्याने जेमतेम पाव लोक जागे झाले. नेहमीच्या कर्कश आवाजाने निम्म्याहून थोडे जास्त. गादीखालच्या थरथरणाऱ्या चकतीने पाचातले चार. आणि ५२० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाने दहातले नऊ! म्हणजे ज्या दिव्याच्या भरवशावर लोक इतकी वर्षं झोपले, तो एकटा सगळ्यात कुचकामी. आणि रोमेरोची थरथर कितीतरी पुढे. त्यानंतर अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात झोपायच्या जागांसाठी ५२० हर्ट्झ आलं, २०१४ पासून लागू. अर्थात ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याला खर्जही निरुपयोगी. त्याला चकतीच हवी.

जपानमधल्या काही संशोधकांनी तर वासाबीचा झोंबणारा वास हवेत सोडून झोपलेल्यांना उठवलं, बहिऱ्यांनाही. २०११ चं इग नोबेल मिळालं त्यांना. हसू येतं, पण कल्पना अगदी बिनडोक नाहीये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोची वेगळीच आहे. १९९० चा कायदा हॉटेलं, ऑफिसं वगैरेंसाठी; खासगी घरांना १९८८ चा घरांविषयीचा सुधारित कायदा लागतो. त्यात घरमालकाला भाडेकरूला बदल करू द्यावा लागतो, पण खर्च बहुतेक वेळा भाडेकरूचा. नव्या इमारतींच्या नियमावलीतही अनेकदा एवढंच असतं की पुढेमागे दिवा बसवता येईल अशी सोय ठेवा. दिवा नंतर, मागितल्यावर.

म्हणून भाडेकरूच्या कामाचं यंत्र म्हणजे उशाशी ठेवायचा डबा आणि गादीखालची चकती. ना ड्रिल, ना वायरिंग. घर बदललं की बॅगेत टाकायचा. हा डबा करतो काय, तर छतावरच्या साध्या अलार्मचा आवाज ऐकतो आणि चकती हलवतो. त्याला कुकरची शिट्टी आणि आग यातला फरक कळतो कसा? तर १९९६ पासून तिथे आगीच्या अलार्मचा ठेका ठरलेला आहे: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं तीनदा, मग दीड सेकंद विराम. कंपनी कुठलीही असो, ठेका तोच. हा ठेका ठरला तो ऐकू येणाऱ्या माणसांनी आग ओळखावी म्हणून. पण प्रोटोकॉल एकदा ठरला की तो कोण ऐकतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, आणि त्यामुळेच भिंतीला हात न लावता एखाद्या बहिऱ्या भाडेकरूची गादी आता रात्री दोन वाजताही हलू शकते.