केर काढणारं कासव

दिवाणाखालचा केर ही घरोघरची जुनी कटकट. केरसुणी तिथवर पोचत नाही, गुडघे दुखत असले की वाकवत नाही, आणि दिवाळीच्या साफसफाईत दिवाण सरकवला की धुळीचे लोळ, बटणं, पेन्सिलीचे तुकडे असं सगळं बाहेर येतं. गुडघ्यांपायीच आईकडे केर काढणारा रोबो आला. जेवणाच्या ताटाएवढा गोल, चार बोटं उंच. पहिल्या दिवशी तो दिवाणाच्या पायाला धडकला, जरासा मागं सरला, वळून दुसऱ्या वाटेनं निघाला, भिंतीला धडकला, पुन्हा वळला. आईनं विचारलं, "याला दिसत नाही का रे?"

नाही दिसत. हल्लीचे महागडे रोबो कॅमेऱ्यानं किंवा लेसरनं घराचा नकाशा आखतात. हा त्यातला नाही. पण घराची काही माहिती नसताना घरभर वावरायची त्याची युक्ती पाऊणशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती केर काढण्यासाठी शोधलेलीच नव्हती.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात विल्यम ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूसंशोधक होते. मेंदूत उठणाऱ्या विजेच्या लहरी टिपणं हे त्यांचं रोजचं काम. मेंदूत अब्जावधी पेशी असतात. पण वागण्यातली गुंतागुंत पेशींच्या संख्येतून येते की त्या एकमेकींना कशा जोडल्यात यातून, हा प्रश्न त्यांना पडला होता. उत्तर शोधायला त्यांनी १९४८-४९मध्ये दोन यंत्रं बनवली. नावं एल्मर आणि एल्सी. तीन चाकं, पाठीवर कवच, म्हणून सगळे त्यांना कासव म्हणत. दंतचक्रं जुन्या घड्याळांतून आणि गॅसच्या मीटरांतून काढलेली. 'मेंदू' म्हणाल तर रेडिओत असत तसले दोन व्हॉल्व्ह. बस्स, दोन.

या कासवाची रचना जवळून बघण्यासारखी आहे. पुढचं चाक गाडी ओढतं आणि वळवतंही. त्याच्याच दांड्यावर उजेड ओळखणारा फोटोसेल बसवलेला, म्हणजे चाक जिकडं वळेल तिकडंच नजर. उजेड दिसत नाही तोवर चाक गोल गोल फिरत राहतं आणि कासव गिरक्या घेत खोलीभर शोध घेतं. बेताचा उजेड दिसला की वळणं थांबतं आणि ते तिकडं निघतं. उजेड डोळे दिपवण्याइतका झाला की पुन्हा वळून बाजूला होतं. कवच सैल टांगलेलं आहे. कशालाही आपटलं की ते हलतं आणि आत एक तार दुसऱ्या तारेला टेकते. त्या क्षणी उजेडाचा विचार बंद. ढकल, वळ, ढकल, वळ, असं अडथळा सुटेपर्यंत चालू राहतं. सुटला की पुन्हा उजेडाचा शोध. बॅटरी उतरली की हेच कासव प्रखर दिव्यापासून पळायचं सोडून त्याच्याकडं ओढलं जाईल, अशीही योजना होती. दिवा त्याच्या खोपटात, आणि खोपटातच चार्जिंगची सोय.

आईच्या रोबोपुढं बसून मी हे ताडून पाहिलं. पुढचं अर्धवर्तुळाकार बंपर बोटानं दाबलं की 'टक्' होतं. आत छोटी बटणं आहेत, एवढंच. कवचाऐवजी बंपर आला. तारेला तार टेकणं तेच.

मधल्या काळात मात्र शहाण्या लोकांनी दुसरा रस्ता धरला होता. आधी बघायचं, मग मनात जगाचा नकाशा करायचा, मग बेत आखायचा आणि शेवटी हलायचं. अमेरिकेत स्टॅनफर्डला हान्स मोरावेक यांची कॅमेरा लावलेली गाडी १९७९मध्ये खुर्च्या मांडलेल्या खोलीतून पलीकडं गेली, पण त्याला सुमारे पाच तास लागले. मीटरभर पुढं जायचं आणि दहा-पंधरा मिनिटं हिशेब करत उभं राहायचं.

हे पाहणाऱ्यांत रॉडनी ब्रूक्स नावाचा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी होता. त्यानं लहानपणी अ‍ॅडलेडमध्ये वॉल्टर यांचं 'द लिव्हिंग ब्रेन' हे पुस्तक वाचून ट्रान्झिस्टर जोडून स्वतःचं कासव बनवलं होतं. त्याचं नाव नॉर्मन. या कुळकथेतला मला सर्वात जिव्हाळ्याचा दुवा हाच. पोरवयात हातानं केलेली वस्तू डोक्यातून जात नाही. पुढं एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर ब्रूक्स यांनी १९८६मध्ये मांडलं, की रोबोला जगाचा नकाशा द्यायची गरज नाही. साध्या सवयी एकीवर एक रचा आणि धोक्याच्या वेळी कुठली सवय बाकीच्यांना गप्प बसवेल ते ठरवा. कासवाचं कवच हलल्यावर उजेडाचा विचार बंद व्हायचा, तेच हे.

एमआयटीतल्याच प्रयोगशाळेत जो जोन्स यांनी १९८९मध्ये लेगोच्या तुकड्यांतून केर काढणारा छोटा रोबो जुळवला. १९९०मध्ये ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी आयरोबॉट ही कंपनी काढली. जोन्स तिथं गेले आणि सप्टेंबर २००२मध्ये त्यांची 'रूम्बा' सुमारे २०० डॉलरला बाजारात आली. गोल अशासाठी, की अडचणीत सापडली तरी जागच्या जागी फिरून सुटावी. मूळ आराखड्यात नुसता फिरता ब्रश होता. पण लोकांना 'व्हॅक्यूम' हवाच होता. बॅटरीत तेवढा जोर नव्हता, तेव्हा रबराच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवून थोड्याच हवेला वेग दिला. जिन्यावरून पडू नये म्हणून पोटाखाली इन्फ्रारेड किरण सोडले. जमिनीवरून किरण परतला नाही की मागं फिरायचं. काळाकुट्ट गालिचा किरण गिळून टाकतो, म्हणून त्याच्या कडेशी असं यंत्र कड्यावर आल्यासारखं थबकतं. वाट ठरलेली नसल्यानं ते एकाच जागेवरून तीनतीनदा जातं. जाऊ दे. त्याच्या फेऱ्यांचा भार कुणाच्या गुडघ्यांवर पडत नाही.

'रोबो' या शब्दाचं कूळ मात्र निराळं. चेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर.यू.आर.' हे नाटक १९२०मध्ये छापलं गेलं, त्यासाठी त्यांचा चित्रकार भाऊ योसेफ यानं हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडं फुकट करायची सक्तीची मजुरी. आपल्याकडं तिला नेमका शब्द आहे: वेठ. मराठीनं 'यंत्रमानव' केला तेव्हा माणूस ठेवला आणि वेठ गळाली. मला वाटतं, ठेवायची ती वेठच होती. दिवाणाखाली शिरणाऱ्या या वस्तूत माणसासारखं काहीच नाही. तिच्याकडं आलंय ते वाकून केर काढण्याचं काम, जे पिढ्यान् पिढ्या घरातल्या बाईच्या नाहीतर मोलकरणीच्या कमरेवर होतं.

पहिल्या रूम्बाला आपणहून चार्जिंगला परत जाता येत नव्हतं. ती सोय २००४मध्ये आली: चार्जिंगच्या ठाण्यातून इन्फ्रारेड किरण निघतो आणि बॅटरी उतरलेलं यंत्र त्याच्या रोखानं येतं.

आईकडं हे ठाणं फ्रिजशेजारी आहे. परवा संध्याकाळी रोबो दिवाणाखालून निघाला, टेबलाला धडकला, वळला, उंबऱ्यापाशी दोनदा अडला. आई भाजी निवडत पाहत होती. मग त्याला किरण सापडला. पाटाच्या कडेनं डावं-उजवं करत तो फ्रिजपाशी आला, दोन पत्र्यांना टेकला आणि त्याचा दिवा लागला. आईनं पाय आत घेतले होते, ते पुन्हा पसरले.