यंत्रस्मृतीचा ताळा

कचेरीत किंवा पेढीवर नव्याने रुजू झालेल्या हिशेबनिसाला पहिल्या काही दिवसांतच एक युक्ती शिकविली जाते. आकड्यांचा तक्ता पुरा झाला म्हणजे प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज उजवीकडे मांडावयाची, प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज तळाशी मांडावयाची, आणि मग ताळा पाहावयाचा. एखाद्या घरात आकडा चुकीचा पडला असेल तर एक आडवी बेरीज बिघडते आणि एक उभी बेरीज बिघडते. त्या दोन ओळी जेथे एकमेकींना छेदतात तेथे चूक दडलेली असते. सारा तक्ता पुन्हा तपासण्याचे कारण पडत नाही. चूकच आपला ठावठिकाणा सांगून टाकते. हिशेबाच्या वहीतले हे जुने शहाणपण विसाव्या शतकाच्या मध्यावर गणकयंत्राच्या स्मृतीत शिरले, आणि आज जगाचे बहुतेक व्यवहार ज्या स्मृतीवर विसंबून आहेत तिला विश्वासार्ह करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. ते तेथे कसे पोहोचले, आणि पेटंटच्या कायद्याने त्याची वाट कधी अडविली व कधी मोकळी केली, हा इतिहास मनोरंजक आहे.

रिचर्ड हॅमिंग हे अमेरिकन गणितज्ञ १९४६ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथील गणकयंत्र हजारो रिलेंचे, म्हणजे विद्युत्‌प्रवाहाने उघडझाप करणाऱ्या लहान लहान कळांचे बनलेले होते. एखादी कळ अडकली तर आकडा चुकत असे. यंत्र बनविणारे सावध होते. त्यांनी अंक अशा रीतीने लिहिले होते की चूक झाली तर यंत्राला ती तत्काळ कळावी. दिवसा चूक निघाली की यंत्र थांबे आणि सेवक येऊन दोष दूर करीत. परंतु हॅमिंग यांच्या वाट्याला यंत्र येई ते आठवड्याच्या सुटीत, आणि तेव्हा सेवक नसत. अशा वेळी चूक आढळताच यंत्र ते गणित अर्धवट टाकून पुढच्याकडे वळे. सलग दोन आठवडे हॅमिंग यांनी सोमवारी येऊन पाहिले, तो त्यांचे काम जसेच्या तसे पडून होते. त्या वैतागातून त्यांना एक साधा प्रश्न सुचला. चूक झाली आहे एवढे जर यंत्राला कळते, तर ती कोठे झाली आहे हेही त्याला का कळू नये? आणि ठिकाण कळले तर त्याने ती स्वतःच का सुधारू नये?

या प्रश्नाचे मर्म असे की गणकयंत्र केवळ शून्य आणि एक हे दोनच अंक जाणते. माणसाच्या हिशेबात चुकीचे घर सापडले तरी तेथे कोणता आकडा हवा याचा शोध घ्यावा लागतो. यंत्राच्या हिशेबात तो प्रश्नच उरत नाही. चुकीच्या जागी शून्य असेल तर तेथे एक हवा, आणि एक असेल तर शून्य हवे. जागा सापडली की दुरुस्ती झालीच. हॅमिंग यांनी प्रथम हिशेबनिसाच्या तक्त्यासारख्या चौकटीचाच विचार केला, आणि मग त्याहून काटकसरीची मांडणी शोधून काढली.

ती मांडणी कागद-पेन्सिल घेऊन कोणासही पडताळून पाहता येईल. समजा, चार अंक जतन करावयाचे आहेत. त्यांच्या जोडीला ताळ्याचे तीन अंक घ्यावेत आणि सातही अंक ओळीने मांडावेत. पहिला ताळा १, ३, ५ आणि ७ या जागांचा. दुसरा २, ३, ६ आणि ७ या जागांचा. तिसरा ४, ५, ६ आणि ७ या जागांचा. प्रत्येक गटात ‘एक’ या अंकाची संख्या सम राहील अशा बेताने ताळ्याचे अंक पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या जागी लिहावयाचे. पुढे वाचताना तिन्ही ताळे पाहावेत. पहिल्या ताळ्याची किंमत १, दुसऱ्याची २ आणि तिसऱ्याची ४ धरावी, व जे ताळे बिघडले असतील त्यांच्या किमतींची बेरीज करावी. ती बेरीज म्हणजेच चुकलेल्या अंकाची जागा. पाचवा अंक उलटला असेल तर पहिला आणि तिसरा ताळा बिघडतो. १ आणि ४ मिळून ५. सर्व ताळे जमले तर बेरीज शून्य, म्हणजे चूक नाही. शाळकरी मुलालाही समजेल इतकी ही रीत सोपी आहे. मात्र ती सुचण्यास प्रतिभा लागली.

अर्थात या रक्षणाची किंमत द्यावी लागते. चार अंकांसाठी तीन अंक जास्तीचे साठवावे लागतात. वेदपाठकांनी क्रम, जटा, घन अशा पाठांतून तीच पदे पुढून मागून पुन्हा पुन्हा म्हणण्याचे जे कष्ट घेतले, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता: जास्तीचे जे म्हटले जाते ते मूळ संहितेच्या राखणीसाठी. हॅमिंग यांच्या रीतीचा विशेष असा की साठा जितका मोठा तितका हा पहारा स्वस्त पडतो. चौसष्ट अंकांची राखण करण्यास आठ अंक पुरतात. त्यांच्या साह्याने एक चूक सुधारता येते आणि एकदम दोन झाल्या तर निदान कळून येते.

येथे पेटंटचा प्रवेश होतो. पेटंट हा शोधक आणि समाज यांच्यातील एक करार आहे. शोधकाने आपली युक्ती जाणकाराला वापरता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून जाहीर करावयाची, आणि त्या बदल्यात शासनाने काही ठरावीक वर्षे तिच्या वापराचा एकाधिकार त्याला द्यावयाचा. निव्वळ गणिताच्या सूत्रांना असे पेटंट मिळेल असे स्वतः हॅमिंग यांना वाटत नव्हते. परंतु बेल प्रयोगशाळेच्या विधिज्ञांनी सूत्राला विद्युत्‌मंडलाचे रूप दिले, आणि अर्ज दाखल होईपर्यंत हॅमिंग यांचा निबंध अडवून धरला. या विलंबाचा फटका त्यांना बसला. मार्सेल गोले या दुसऱ्या संशोधकाचे त्याच विषयावरील टिपण १९४९ साली छापून आले. हॅमिंग यांचा निबंध प्रसिद्ध होण्यास एप्रिल १९५० उजाडला. अग्रक्रम कोणाचा, हा वाद त्यातून उभा राहिला. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात हॅमिंग यांच्या रीतीचा नामनिर्देश करून ठेवला होता, म्हणून त्यांची बाजू सावरली गेली. हॅमिंग आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड होलब्रुक यांच्या नावे २५,५२,६२९ या क्रमांकाचे पेटंट १५ मे १९५१ रोजी मंजूर झाले.

तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे हा एकाधिकार सतरा वर्षे, म्हणजे १९६८ पर्यंत चालावयाचा. तसे घडले नाही. बेल प्रयोगशाळा ज्या दूरध्वनी कंपनीची होती, तिच्याविरुद्ध अमेरिकन सरकारने मक्तेदारीचा खटला भरला होता. जानेवारी १९५६ मध्ये त्यात तडजोड झाली, आणि कंपनीने तोवर मिळविलेली सुमारे आठ हजार पेटंटे देशातील बहुतेक उद्योगांना विनामूल्य खुली करावी लागली. त्यांत हॅमिंग यांचे पेटंटही आले. अशा रीतीने, जेमतेम पाच वर्षांच्या एकाधिकारानंतर, ताळ्याची ही विद्या मोकळी झाली.

ज्या स्मृतीला या विद्येचा उपयोग व्हावयाचा, ती स्मृतीच त्या काळात मोठ्या दुःस्थितीत होती. कोठे पाऱ्याने भरलेल्या नळीतून ध्वनिलहरी फिरत्या ठेवून आकडे जतन करीत. कोठे दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या काचनळीवर विद्युत्‌भाराचे ठिपके उमटवून. मॅसॅच्युसेट्‌समधील तंत्रविद्या संस्थेच्या ‘व्हर्लविंड’ यंत्रात अशाच नळ्या होत्या, आणि त्या सरासरी दर दोन तासांनी दगा देत. १९५३ साली त्यांच्या जागी फेराइटच्या इवल्या चुंबकीय कड्या बसविल्या. तारांच्या जाळ्यात ओवलेली प्रत्येक कडी एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य, उलट दिशेने झाली तर एक. दोन बिघाडांमधील अंतर दोन तासांवरून दोन आठवड्यांवर गेले, आणि स्मृतीच्या देखभालीला दिवसाकाठी चार तास लागत ते आठवड्याकाठी दोन तासांवर आले.

ही कडी कोणाची, यावरून मात्र दीर्घ तंटा झाला. शांघायमध्ये जन्मलेले आणि हार्वर्ड येथे काम करणारे आन वांग यांनी १९४९ साली अर्ज केला होता. कडीतील अंक वाचताच पुसला जातो, तेव्हा वाचल्याबरोबर तो पुन्हा लिहावा, ही कल्पना त्यांची. कड्यांची त्रिमित जाळी रचून दोन तारांच्या छेदावरील नेमकी कडी निवडण्याची योजना ‘व्हर्लविंड’चे जे फॉरेस्टर यांची, त्यांचा अर्ज १९५१ चा. वांग यांचे पेटंट १९५६ साली आयबीएम कंपनीने घेतले. पाच लाख डॉलरांचा तो व्यवहार होता. फॉरेस्टर यांच्या पेटंटाचा निकाल लागण्यास १९६४ साल उजाडले, आणि त्यासाठी त्याच कंपनीला त्यांच्या संस्थेस १ कोटी ३० लाख डॉलर मोजावे लागले. त्या सुमारास भारतातही ही कडी येऊन पोहोचली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी बांधलेले आणि १९६० साली कार्यान्वित झालेले गणकयंत्र फेराइटच्या कड्यांच्याच स्मृतीवर चालत असे. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

कडी भरवशाची होती, तरी ताळ्याची गरज संपली नाही. आयबीएमने १९६१ साली दिलेल्या ‘स्ट्रेच’ या महायंत्रात प्रत्येक चौसष्ट अंकांमागे आठ ताळ्याचे अंक ठेवलेले होते. पुढे कडीचेही दिवस सरले. रॉबर्ट डेनार्ड यांना जून १९६८ मध्ये ज्या स्मृतीचे पेटंट मिळाले, तिच्यात प्रत्येक अंकासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्‌भार धरून ठेवणारी एक सूक्ष्म कुपी एवढाच संसार होता. ही कुपी गळकी असते. तिच्यातील भार सेकंदाच्या लहानशा अंशात ओसरू लागतो, म्हणून तो सारखा भरावा लागतो. अशी नाजूक वस्तू जगभर पसरली ती तिच्या स्वस्ताईमुळे. १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की चिपेच्या वेष्टनात युरेनियम-थोरियमचा लवलेश असला तरी त्यातून निघणारे अल्फा कण कुपीतील अंक उलटवू शकतात. यंत्रात बिघाड काहीच नाही, आणि तरीही चूक! येथे हॅमिंग यांच्या ताळ्यावाचून गत्यंतर नव्हते.

ताळा क्षणिक चूक सुधारतो. जन्मतः अधू असलेल्या घराचे काय करावयाचे? एका चिपेवर ६५,५३६ घरे आणि त्यांतील एकच निकामी, एवढ्यासाठी सारी चिप फेकून द्यावयाची, तर कारखान्याचे दिवाळे वाजावयाचे. या पेचाला बेल प्रयोगशाळेच्याच अभियंत्यांनी १९७९ साली सोडवणूक दाखविली. नाटक मंडळीत मुख्य नट आजारी पडला तर उभा करावयास दुसरा तयार ठेवीत, तशा त्यांनी चिपेवर काही ओळी आणि रकाने राखीव ठेवले. तपासणीत एखादी ओळ सदोष निघाली की लेसर किरणाने तिची जोडणी जाळावयाची आणि तिचा पत्ता राखीव ओळीला द्यावयाचा. मागणाऱ्याच्या दृष्टीने पत्ता तोच राहतो. पाठीमागचे घर तेवढे बदलते. पुढे ही दुरुस्ती कारखान्याबाहेरही होऊ लागली. डीडीआर-४ या मानकात यंत्रात बसविलेल्या स्मृतीची निकामी ओळ विद्युत् आज्ञेने बदलण्याची सोय झाली, आणि २०२० साली प्रसृत झालेल्या डीडीआर-५ मानकाने ताळ्याची योजना प्रत्येक चिपेच्या पोटातच घातली.

ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. गूगल कंपनीच्या असंख्य संगणकांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की वर्षभरात सुमारे एकतृतीयांश संगणकांत स्मृतीची निदान एक सुधारण्याजोगी चूक घडते. बँकेतील शिल्लक, रुग्णाचा अहवाल, आगगाडीचे आरक्षण हे सारे अशा स्मृतीतून जाते. त्यांतील एक अंक उलटला आणि कोणाच्या लक्षात आला नाही, तर नुकसान ज्याचे व्हावयाचे त्याला त्याचे कारण कधी कळणारही नाही.

भारताच्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने गणिती रीत आणि निव्वळ संगणकीय आज्ञावली यांना ‘शोध’ या संज्ञेतून वगळले आहे. हॅमिंग यांचे सूत्र त्याच्या मूळ रूपात आज येथे कोणाच्या मालकीचे होऊ शकले नसते. राखीव ओळीसारख्या भौतिक रचनेला मात्र संरक्षण मिळू शकते. ही रेषा नेमकी कोठे आखावी याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत. इतिहास एवढेच सांगतो की कडीच्या मालकीसाठी कोट्यवधी डॉलर मोजले गेले आणि ती कडी वस्तुसंग्रहालयात गेली. ताळ्याची रीत पाच वर्षांत मोकळी झाली आणि ती अद्याप प्रत्येक नव्या स्मृतीत नांदते आहे.

निर्दोष द्रव्य सापडेल आणि मग स्मृती बिनचूक होईल, या आशेवर अभियंते थांबले असते तर पारा, काचनळी, कडी आणि कुपी या प्रत्येक टप्प्यावर त्यांची निराशाच झाली असती. चूक होणार हे त्यांनी अगोदरच गृहीत धरले आणि तिच्यासाठी जागा राखून ठेवली. जुन्या दफ्तरातही चुकीची नोंद खरवडून काढण्यास मनाई असे. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहावयाचा आणि खाली सही करावयाची, असा नियम होता. ज्या वहीत अशा सह्या दिसत, तिच्यावर तपासनिसाचा विश्वास अधिक बसे.